ओळखीची टोळी

पुसद हे डोंगरांच्या कुशीतलं गाव. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे, त्यांच्यावर साग, धावडा, सालई, मोह यांचं कोरडं रान, मधून पूस नदी आणि दक्षिणेला यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखत जाणारी पैनगंगा. या रानाच्या कडेला, तुरीच्या धुऱ्यावर, मारुतीच्या देवळामागच्या पिंपळावर काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा जो प्राणी दिसतो, त्याला शहरात वानर म्हणतात आणि खेड्यात वांदर. प्राणिशास्त्रात त्याचं नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस. भारतात सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या आणि अभ्यासल्या गेलेल्या जंगली प्राइमेटांपैकी हा एक आहे. माणूस, वानर, माकड, चिंपांझी हे सगळे ज्या गणात मोडतात, त्या गणाला प्राइमेट म्हणतात.

पुसदकराला या प्राण्याबद्दल शास्त्राचा एक खरा प्रश्न घराच्या गच्चीवरूनच पाहता येतो. चार पायांवर निवांत चालणाऱ्या वानराची शेपटी पाहायची. ती पाठीवरून कमान करून डोक्याच्या दिशेने पुढे वळलेली आहे, की मागच्या बाजूला झुकलेली? भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले एम. एल. रूनवाल यांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंतच्या वानरांच्या शेपट्यांची ठेवण नोंदवली, तेव्हा एक ठळक विभागणी पुढे आली. उत्तरेकडची वानरं शेपटी पुढे डोक्याकडे वळवतात आणि दक्षिणेकडची मागे सोडतात. दोन्ही पद्धतींमधली सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरी या नद्यांच्या बाजूने जाते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची ठेवण आणि डीएनए अशा दोन्ही अंगांनी हा प्रश्न हाताळला. एकच जात म्हणून पाहिल्या जाणाऱ्या या प्राण्यात खरोखर किती जाती सामावल्या आहेत, हा वाद त्यातून नव्याने उभा राहिला.

पुसद या सीमेच्या उत्तर अंगाला, पण तिच्यापासून फार दूर नसलेल्या पट्ट्यात येतं. पैनगंगा ओलांडून नांदेडच्या दिशेने निघालं की गोदावरी लागते. पुसद, उमरखेड, हदगाव, नांदेड या वाटेवर गावोगावच्या टोळ्यांच्या शेपट्या नोंदवत गेलं, तर ही सीमा सुरीने कापल्यासारखी आहे की दोन्ही प्रकार मधल्या पट्ट्यात मिसळतात, हे कळेल. त्याला दुर्बीण, वही आणि चिकाटी पुरते. वानरांवरचं संशोधन म्हणजे परदेशी विद्यापीठातून येणाऱ्या कुणाचं तरी काम, अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी.

टोळीत कोण कोण असतं

झाडावर पंधरा-वीस वानरं दिसली की आपण त्यांना घोळका समजतो. प्रत्यक्षात ती एक घट्ट बांधलेली संस्था असते. मध्य आणि पश्चिम भारतात पुष्कळ ठिकाणी टोळीत एकच प्रौढ नर असतो. त्यालाच आपल्याकडे हुप्प्या म्हणतात. पहाटे त्याची घुमणारी ‘हूप’ ऐकू येते, ती शेजारच्या टोळ्यांना आपली जागा कळवते. बाकीच्या प्रौढ सगळ्या माद्या. या वानरी जन्मतात त्याच टोळीत बहुधा मरेपर्यंत राहतात. आजी, मावशी, बहीण, भाची असं ते माहेरच असतं. रानाची माहितीही त्यांच्याकडेच टिकते. कोणता उंबर कधी पिकतो, चैत्रात पाणी कुठे उरतं, कोणत्या धुऱ्यावर कुत्रं सुटं असतं, हे त्यांना ठाऊक असतं.

नराची गोष्ट उलटी. वयात येण्याआधी किंवा येता येता तो टोळीबाहेर पडतो किंवा हाकलला जातो. असे बाहेर पडलेले नर एकत्र फिरतात आणि त्यांच्या निव्वळ नरांच्या टोळ्या बनतात. एखाद्या गावात अचानक सगळेच दांडगे नर दिसू लागले आणि पोटाशी पिल्लू असलेली एकही वानरी नसली, तर ती अशी भटकी टोळी समजावी. तिच्यातल्या प्रत्येकाचं लक्ष आसपासच्या हुप्प्यांच्या जागेवर असतं.

पिल्लू जन्मतं तेव्हा काळपट असतं, तोंड गुलाबी. आईच्या राखाडी पोटावर ते लांबूनही उठून दिसतं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रंग फिका पडायला लागतो आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ते मोठ्यांसारखं राखाडी होतं. या काळ्या दिवसांत टोळीतल्या सगळ्या माद्यांना त्याची विलक्षण ओढ असते. आई सालईच्या फांदीवर बसली आहे, तिच्या पोटाशी काल-परवाच जन्मलेलं पिल्लू आहे. एक तरुण वानरी सरकत जवळ येते, आईच्या पाठीचे केस विंचरते, मग हात हळूच पिल्लाकडे नेते. आई फारशी हरकत घेत नाही. पिल्लू दुसऱ्या कुशीत जातं, तिथून तिसऱ्या. अननुभवी पोरगी त्याला उलटं धरते, ते किंचाळतं, मग आई किंवा एखादी जाणती वानरी येऊन ते काढून घेते. एवढ्या लहान वयात पिल्लू दुसऱ्यांच्या हाती देणाऱ्या प्राइमेट माता थोड्याच आहेत. या देवघेवीत आईला मोकळेपणी चरायला मिळतं आणि तरुण माद्यांना पोर सांभाळण्याचा सराव होतो.

वानराचं पोटही निराळं आहे. जठराला कप्पे असतात आणि त्यांतले सूक्ष्मजीव पानांचा चोथा आंबवून पचवतात. त्यामुळे माकडांना न झेपणारी जून पानं, कच्ची फळं, कठीण बिया त्याला चालतात. फाल्गुनात पळस फुलला की तो फुलं खातो, नंतर मोहाची. वैशाखात साग उघडा पडतो तेव्हा वड, पिंपळ, उंबर यांच्यावर त्याची भिस्त असते. खाताना तो बरंच खाली टाकतो आणि ते खायला चितळ झाडाखाली येतात. वरून वानर वाघ-बिबट्या हेरतो आणि खरखरीत भुंकून इशारा देतो. त्याचा फायदा खालच्यांना होतो. ब्रिटिश संशोधक पॉल न्यूटन यांनी १९८०च्या दशकात कान्हाच्या जंगलात ही सोबत पद्धतशीर मोजली.

पाहणं आणि मोजणं

रानातला प्राइमेट त्याच्या जागी जाऊन महिनोन्‌महिने पाहायचा, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेचे क्लॅरेन्स रे कार्पेंटर १९३१ मध्ये पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर हाऊलर माकडांच्या मागे गेले, तिथून या कामाची रीतसर सुरुवात धरतात. आपल्याकडे त्याच सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्ल्स मॅकॅन वानरांवरची निरीक्षणं संस्थेच्या नियतकालिकात लिहीत होते. त्यांची पहिली टिपणं १९२८ची आहेत.

पद्धतीला खरं वळण जपानमध्ये मिळालं. किंजी इमानिशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४८ पासून कोशिमा बेटावरची माकडं अभ्यासायला घेतली आणि प्रत्येक माकडाला नाव दिलं. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना हे तेव्हा भाबडेपणाचं वाटलं. पण नावामुळेच नातं कळलं, कोण कुणाचं पोर, कोण कुणाला वचकून, कोणती सवय कुणापासून सुरू झाली. रताळं पाण्यात धुऊन खाण्याची सवय १९५३ मध्ये इमो नावाच्या एका लहान मादीने सुरू केली आणि मग ती तिच्या सवंगड्यांत आणि आईपर्यंत पोहोचली, हे सांगता आलं ते प्रत्येक चेहरा ओळखीचा होता म्हणून.

वानराचा चेहरा ओळखणं सुरुवातीला अशक्य वाटतं. हळूहळू डोळा तयार होतो. कानाच्या पाळीला पडलेली खाच, वरच्या ओठावरचा व्रण, तुटलेलं शेपटीचं टोक, वाकडं बोट, भुवयांच्या केसांची ठेवण, चालण्याची लकब अशा खुणांवरून एकेक वानर वेगळं होत जातं. ही ओळख पक्की झाली की मोजणीला अर्थ येतो. ‘टोळीत १८ वानरं’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘१ नर, ८ वानरी, ३ काळी पिल्लं, २ राखाडी पिल्लं, ४ अर्धवट वयाची’ या नोंदीतून टोळीचं भविष्य वाचता येतं.

दुसरा प्रश्न असतो, काय नोंदवायचं. जे नजरेत भरेल ते लिहीत गेलं, तर वही मारामाऱ्यांनी भरते. खरं तर वानराचा बहुतेक दिवस खाण्यात आणि बसून पचवण्यात जातो. हा दोष संशोधक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये एका लेखात नेमका मांडला आणि उपायही सांगितला. एक तर आधी ठरवलेल्या एकाच प्राण्यावर ठरलेला वेळ नजर ठेवायची आणि तो जे करील ते सगळं लिहायचं. किंवा दर ठरावीक मिनिटांनी टोळीवर एक फेर नजर टाकून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं. लक्ष कुणाकडे द्यायचं हे घड्याळ ठरवतं, आपलं कुतूहल ठरवत नाही. आज जगभरचं प्राणिवर्तनाचं शास्त्र या शिस्तीवर उभं आहे.

ही शिस्त नसली की काय होतं, हे महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती. उंचावर खायला-प्यायला न मिळाल्याने किंवा खाली पडून पिल्लं दगावत होती. वनविभागाने दोन वानरं पकडून दूर सोडली. तोवर ‘सूड’ हा शब्द जगभरच्या बातम्यांत पोहोचला होता आणि मेलेल्या पिल्लांचा आकडा २५० छापून आला होता. पुढे त्या आकड्यावर शंका घेतली गेली. सुडाची गोष्ट सांगायला एक दृश्य पुरतं. ती वानरं नर होती की माद्या, कोणत्या टोळीतली, पिल्लू किती वेळ आणि कसं धरत होती, एरवी दिवसभर काय करत होती, या प्रश्नांची उत्तरं मिळाली असती तर त्या वागण्यामागचं कारण शोधता आलं असतं. त्यासाठी आधीपासून कुणीतरी त्या टोळीला ओळखत असायला हवं होतं.

धारवाड, १९६२

अशी ओळख असली की काय हाती लागतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी मुलखाच्या सीमेवर घडलं. जपानच्या इमानिशी परंपरेत तयार झालेले युकिमारू सुगियामा १९६१ मध्ये धारवाडला आले. धारवाडच्या आसपासचं सागवानी पानझडी रान आपल्या पुसद-उमरखेडच्या रानाच्याच जातीचं. तिथे वानरांची दाटी होती आणि बहुतेक टोळ्यांत एकच हुप्प्या होता. सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोळ्यांना क्रमांक दिले, वानरं ओळखीची केली आणि ते रोज त्यांच्यामागे फिरू लागले.

१९६२च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, त्यांनी तिसावा क्रमांक दिलेल्या टोळीवर सात भटक्या नरांनी चाल केली. जुना हुप्प्या जखमी होऊन हटला. मग त्या सातांपैकी एकाने उरलेल्यांना एकेक करून पिटाळलं आणि टोळी एकट्याच्या ताब्यात घेतली. इथवरची हकिगत सत्तेच्या कोणत्याही झगड्यासारखीच आहे. त्यानंतर जे झालं ते कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. नव्या नराने आयांच्या पोटाशी असलेल्या पिल्लांना चावे घेतले. काही आठवड्यांत त्या टोळीतली तान्ही पिल्लं एकामागून एक नाहीशी झाली. पिल्लू गमावलेल्या माद्या थोड्याच दिवसांत माजावर आल्या आणि त्याच नराशी जुळल्या.

सुगियामांनी पुढे एक प्रयोग केला. दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक नर त्यांनी पकडून काढून घेतला. टोळीत बाहेरचा नर शिरला आणि पुन्हा तेच झालं. पिल्लं मेली.

धारवाडच्या आधी अमेरिकन संशोधक फिलिस जे यांनी बस्तरच्या ओर्छा इथे आणि उत्तर प्रदेशातल्या कौकोरी गावात वानरं पाहिली होती. त्यांना शांत, समंजस, एकमेकांना सांभाळून घेणारी टोळी दिसली होती. तिथे एका टोळीत अनेक प्रौढ नर होते आणि पिल्लं मारली जाताना दिसली नव्हती. मग धारवाडचं काय समजायचं? ‘गर्दीमुळे प्राणी बिघडलेत’ असं एक उत्तर आलं. माणसाने रान तोडलं, वानरं दाटीवाटीने राहू लागली, त्यातून हा विकार जडला, असं कित्येकांनी मानलं.

जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी १९७१ मध्ये तशाच पिल्लूहत्येची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सारा ब्लॅफर हर्डी ही हार्वर्डची तरुण संशोधक अबूच्या पहाडावर आली. गर्दीचा विकार अभ्यासायला म्हणून ती आली होती. काही वर्षं पुन्हा पुन्हा येऊन टोळ्या पाहिल्यावर तिचं मत पालटलं. १९७७ मध्ये आलेल्या ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या पुस्तकात तिने मांडलेला विचार आज पाठ्यपुस्तकांत आहे. दूध पाजणारी वानरी माजावर येत नाही. गर्भ सुमारे २०० दिवस वाढतो. हुप्प्याची गादी फार टिकत नाही. जोधपूरच्या दीर्घ नोंदींत ती सरासरी दोन वर्षांपेक्षा थोडीच जास्त निघाली. आधीच्या नराचं पिल्लू मोठं होईपर्यंत थांबायचं, तर नव्या नराची निम्मी कारकीर्द वाट पाहण्यातच जाते. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. निसर्गनिवडीच्या हिशेबात असं वागणाऱ्या नराची संतती जास्त उरते.

हर्डीचं मोठं काम याच्याही पुढे आहे. तिने माद्यांकडे नीट पाहिलं. वानरी मुकाट्याने सोसत नाहीत. काही माद्या पिल्लासह टोळीच्या कडेला जाऊन राहतात. काही जणी आधीच गरोदर असतानाही नव्या नराशी जुळतात, त्यामुळे होणारं पोर त्याला परकं वाटत नाही. आणि नातलग माद्या एकत्र येऊन नराला भिडतात. अबूच्या एका टोळीत हर्डीने सोल असं नाव दिलेली एक म्हातारी वानरी होती. तिला स्वतःला पिल्लं होण्याचे दिवस उलटून गेले होते. तरी नर दुसरीच्या पिल्लावर धावून आला की ही म्हातारी पुन्हा पुन्हा मध्ये पडे. आपल्याच रक्ताच्या पोरांसाठी जीव धोक्यात घालणारी ही आजी प्रत्येक वानरी ओळखीची असल्याशिवाय दिसलीच नसती.

वाद पुढे वीस वर्षं चालला. कान्हाच्या निवांत, विरळ वस्तीच्या जंगलातही पॉल न्यूटन यांना हुप्प्या बदलल्यावर पिल्लूहत्या आढळली, तेव्हा गर्दीचं कारण लंगडं पडलं. शेवटची मोठी पुष्टी नेपाळमधल्या रामनगरच्या रानातून आली. कॅरोला बोरिस आणि सहकाऱ्यांनी वानरांच्या विष्ठेतून डीएनए काढून नातं तपासलं. ज्या नरांनी पिल्लांवर हल्ले केले, ते त्या पिल्लांचे बाप नव्हते. १९९९ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली.

मराठी वाचकाला ही कथा अगदीच नवी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीवरची लहान कादंबरी घरोघरी वाचली गेली आणि १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती वाचून अनेकांनी गावातल्या वानरांकडे प्रथमच थांबून पाहिलं असेल.

संख्या का वाढते

आता धारवाडहून परत पुसदच्या शिवारात येऊ. शेतकऱ्याचा प्रश्न साधा आहे. वानरं वाढली का, आणि वाढली तर कशाने? हरभऱ्याला घाटे धरले, तुरीच्या शेंगा भरल्या की टोळी सागाच्या कडेने उतरते. रानडुक्कर रात्री येतं, वानर दिवसाढवळ्या. गोफण, फटाके, डबे बडवणं, कुत्रं ठेवणं असं सगळं करून झाल्यावरही राखणीचा दिवस मोडतोच. वर्षभराच्या कष्टाचं पीक डोळ्यांदेखत जाताना पाहणाऱ्या माणसाला वानराच्या सामाजिक जीवनाचं कौतुक सांगणं पुरेसं नाही. त्याला उत्तर हवं आहे.

उत्तराचा एक भाग दोन जन्मांमधल्या अंतरात आहे. जोधपूरच्या वानरांना लोक श्रद्धेने रोज खायला घालतात. तिथे एका वानरीच्या दोन बाळंतपणांत सुमारे दीड वर्षाचं अंतर पडतं. रामनगरच्या रानात, जिथे कुणी खायला घालत नाही, तेच अंतर अडीच वर्षांच्या घरात जातं. म्हणजे १० वर्षांत एका वानरीची सहा-सात बाळंतपणं की चारच, हे बऱ्याच अंशी तिच्या खाण्यावर ठरतं. दुसरी खूणही तितकीच उपयोगी आहे. रानात पोसलेल्या वानरांची गर्भधारणा मुख्यतः पावसाळ्यात आणि पुढच्या हिरव्या दिवसांत होते, पिल्लं साधारण हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत जन्मतात. आयतं अन्न मिळणाऱ्या टोळीत जन्म वर्षभर होत राहतात. आपल्या गावात आश्विनातही काळी पिल्लं दिसत असतील, तर ती टोळी माणसाच्या अन्नावर बरीच अवलंबून आहे, असा अंदाज बांधता येतो.

देवळापुढे केळी, बिस्किटं, फुटाणे देणाऱ्या भाविकाच्या मनात पुण्याचाच हेतू असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे लागलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती, इतका हा जिव्हाळा खोल आहे. तो जपायलाच हवा. पण पानं आंबवून पचवणाऱ्या पोटात साखर आणि मैदा गेला की पचन बिघडतं. माणसाच्या हातातलं घेण्याची सवय लागते. आणि जन्मांमधलं अंतर कमी होऊन पुढच्या पाच-दहा वर्षांत त्याच भाविकाच्या भावाच्या शेतात जास्त तोंडं उतरतात. जिव्हाळा असेल तर उंबर, वड, पिंपळ, पिंपरी, बहावा, बेल ही झाडं रानकडेला लावावीत. वानराची भूक त्याच्या जागी भागली की धुऱ्यावरचा ताण हलका होतो.

पकडण्याआधी

उत्तराचा दुसरा भाग पकडण्याशी निगडित आहे. गाव वैतागलं की मागणी होते, पिंजरा लावा. वानराला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे हे काम वनविभागाच्या परवानगीनेच होतं. पिंजऱ्यात बहुधा सगळ्यात धीट प्राणी सापडतो. माणसावर धावून जाणाराही तोच असतो, म्हणून त्यालाच आधी पकडा असा आग्रहही असतो. पुष्कळदा तो हुप्प्या असतो.

इथे सुगियामांचा प्रयोग आठवावा. टोळीतला एकुलता एक नर काढून घेतला की जागा रिकामी राहत नाही. आसपासची नरांची टोळी येते, झगडे होतात, पिल्लं मरतात. बिथरलेल्या माद्या, जखमी नर आणि नव्या नराची दांडगाई यांमुळे गावाला त्रास कमी होण्याऐवजी काही काळ वाढण्याचीच भीती असते. पिल्लं गमावलेल्या माद्या लवकर पुन्हा गरोदर राहतात, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी संख्याही फारशी घटलेली नसते. आणि पकडलेला नर दूर सोडला, तर तो तिथल्या कुणाच्या तरी टोळीला नवा आक्रमक म्हणून भिडतो. धारवाडला शास्त्रज्ञाने जे जाणूनबुजून, नोंदी ठेवून केलं, तेच आपण गावोगाव नोंद न ठेवता करत राहतो आणि परिणाम दिसला की वानरांच्या माथी मारतो.

काही प्रसंगी पकडणं अटळ असतं. चावणारं, पिसाळलेलं, जखमी जनावर गावात ठेवता येत नाही. पण अशा वेळीही तो प्राणी कोणत्या टोळीतला, त्या टोळीत दुसरा प्रौढ नर आहे का, काळी पिल्लं किती, हे आधी माहीत असलं तर निर्णय शहाणपणाचा होतो. टोळीत पोटाशी पिल्लं असलेल्या माद्या जास्त असतील, तर शक्य असेल तिथे ती मोठी होईपर्यंत थांबता येतं. प्राणी हलवायचाच तर एकटा हुप्प्या हलवायचा की संपूर्ण टोळी, याचाही विचार करता येतो.

म्हणून पुसदसारख्या गावाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती वानरांच्या वहीची. पुसद वनविभागाचे वनरक्षक रोज रानात असतात. शहरात महाविद्यालयं आहेत, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. पैनगंगा अभयारण्य जवळ आहे, तिथे माणसाच्या अन्नापासून दूर असलेल्या टोळ्या तुलनेला मिळतात. गावातली एक देवळाजवळची, एक शेतशिवाराची आणि एक खोल रानातली अशा तीन टोळ्या निवडाव्यात. महिन्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी प्रत्येकीची नोंद घ्यावी. हुप्प्या कोणता, त्याची खूण काय? वानरी किती? काळी पिल्लं किती, राखाडी किती? त्या घटकेला प्रत्येक जण काय खातोय, कोणत्या झाडावर? आणि शेपटी कोणत्या बाजूला?

या वहीचं पानन्‌पान साधं असेल, पण ती वर्षानुवर्षं टिकली तर फार मोठी होईल. काळी पिल्लं एका महिन्यात एकदम नाहीशी झाली आणि हुप्प्याच्या कानाची खाच बदललेली दिसली, तर सत्तांतर झालं हे कुणी न पाहताही कळेल. कोणत्या महिन्यात कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरते हे पाच वर्षांच्या नोंदींतून स्पष्ट झालं, तर राखणीची माणसं नेमक्या दिवसांसाठी लावता येतील आणि पिकाच्या नुकसानीचा दावा करताना शेतकऱ्याच्या हाती पुरावा असेल. देवळाजवळच्या आणि रानातल्या टोळीतल्या जन्मांची तुलना समोर ठेवली, तर खायला घालू नका ही सूचना पाटीवरचा हुकूम न राहता गावाला पटेल.

जोधपूरच्या वानरांबद्दल आज जग जे जाणतं, ते तिथले संशोधक वर्षानुवर्षं त्याच टोळ्यांकडे पाहत राहिल्यामुळे. धारवाडला अवघी दोन वर्षं टोळ्या ओळखीच्या होत्या, तेवढ्यात प्राणिशास्त्राचा एक मोठा समज उलटला. पुसदच्या गावाशिवारात ही ओळख करून घ्यायला कुणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही; अभयारण्यात किंवा राखीव रानात शिरायचं तर मात्र वनविभागाची परवानगी घ्यावी. लांबून, न डिवचता, खायला न घालता पाहायला बंदी नाही. वानरं ठेवावीत की हलवावीत, हा वाद ग्रामसभेत होत राहील आणि तो व्हायलाच हवा. त्या सभेत निदान एका माणसाच्या हातात आपल्या गावच्या टोळीची पाच वर्षांची वही असली, तर वाद अंदाजावर न होता माहितीवर होईल, आणि त्यात शेतकऱ्याचंही भलं आहे, वानराचंही.